दूरच्या घराची किल्ली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे अशी सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून गेली पन्नास वर्षे संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विवेचन केले आहे. आमचे आयुष्य गेले भिलाईच्या कारखान्यातील मोटारी आणि त्यांचे स्टार्टर यांच्या संगतीत. असा मनुष्य रसिकांपुढे काय बोलणार? पण कार्यवाह म्हणाले, "तुम्ही इथे बसून वाईच्या घरची पाण्याची मोटार चालवता ना, तेच सांगा. आपल्यातल्या निम्म्या लोकांची गावाकडची घरं कुलपात आहेत, आणि उरलेल्यांच्या घरात एकेक म्हातारं माणूस एकटं आहे." या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा नीरस दिसणारा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत.

आमचे घर वाईला, कृष्णाकाठच्या त्या गावात. येथून सुमारे हजार किलोमीटर. दुर्गला आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये बसावयाचे, पुण्यास उतरावयाचे आणि पुढे एस.टी. धरावयाची. घरी आमची आई एकटी असते. वय वर्षे ब्याऐंशी. तिने भिलाईस येऊन राहावे म्हणून आम्ही उभयतांनी किती वेळा विनविले याची गणती नाही. तिचे उत्तर ठरलेले : "तिकडे मला कोण ओळखतं? इथे निदान दारातली तुळस तरी ओळखते." या उत्तरापुढे बोलणे खुंटते.

घरामागे विहीर आहे, विहिरीवर मोटार आहे आणि माळवदावर पाण्याची टाकी आहे. टाकी भरली की नाही हे पाहण्यासाठी आई दिवसातून दोनदा जिना चढत असे. एकदा पाय घसरला. केवळ मनगट मुरगळण्यावर निभावले. ही वार्ता आम्हांला आठ दिवसांनी, तीही शेजाऱ्यांकडून कळली. त्या दिवशी आम्ही ठरविले की, आई येथे येत नसेल, तर आपला एक हात तरी तेथे पोहोचला पाहिजे.

ही कल्पना काही नवी नाही. आपल्या मंडळाचा जन्म ज्या सुमारास झाला, त्याच सुमारास, १९७५ साली, स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने 'एक्स-१०' नावाची पद्धती सिद्ध केली. घरातील विजेच्या तारांतूनच संदेश पाठवून दिवे लावावयाचे आणि मालवावयाचे, अशी ती योजना होती. पण तो संदेश घराच्या भिंतींपलीकडे जात नसे. त्या काळी येथून वाईशी बोलावयाचे, तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसावे लागे, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. आपल्या देशात इंटरनेट सामान्य जनांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मोबाईल फोन आल्यावर मात्र आपल्या शेतकऱ्याने या विद्येत आपणां शहरवासीयांना मागे टाकले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' हे उपकरण शेतातील पंप मोबाईलवरून चालविते. रात्री-अपरात्री वीज येते आणि पंप चालू करण्यासाठी काट्याकुट्यांतून, विंचूकाट्याच्या भयातून चालत जावे लागते, ही त्यामागची अडचण होती. सांगावयाचा मुद्दा हा की, दूरवरून मोटार चालविणे हे श्रीमंतांचे कौतुक नव्हे. त्याचा उगम कष्टात आहे.

आम्ही दिवाळीच्या सुटीत वाईस गेलो. माजघराच्या कोनाड्यात पोथीएवढा एक लहान संगणक ठेवला. त्यात 'होम असिस्टंट' नावाची प्रणाली घातली. २०१३ साली पाउलुस स्खाउट्सन या तरुणाने आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तिचे वैशिष्ट्य असे की, तिचा मेंदू आपल्या घरातच राहतो. टाकीत पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर बसविला, मोटारीच्या स्टार्टरला रिले जोडला, अंगणातला दिवा आणि न्हाणीघरातील गीझरही त्याच सूत्रात ओवले. पडवीत बसून फोनवर बोट ठेवले की विहिरीवर मोटार सुरू होई. आईने पाहिले आणि म्हणाली, "बरं आहे. पण तू पडवीत असताना मोटार मीही लावू शकते. तू तिकडे गेल्यावर काय?"

आईच्या या एका प्रश्नात आजच्या आमच्या व्याख्यानाचा संपूर्ण विषय सामावला आहे. कारण भिलाईस परतल्यावर फोन उघडला, तो घर सापडेचना.

असे का होते? कारखान्यातील टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांपुढे आणावे. बाहेरच्या जगाला कारखान्याचा एकच क्रमांक ठाऊक असतो. आत शेकडो एक्स्टेन्शन असतात. आतला मनुष्य बाहेर सहज फोन लावतो, परंतु बाहेरच्याने आलेला फोन कोणाला द्यावयाचा, हे ऑपरेटरला सांगितलेले नसेल, तर तो तेथेच थांबतो. घरातील राउटर म्हणजे हा ऑपरेटर. घरातल्या उपकरणांचे १९२.१६८ अशा अंकांनी सुरू होणारे पत्ते ही केवळ एक्स्टेन्शने. असेच पत्ते आपल्या शेजाऱ्याच्या घरातही असतात, म्हणून बाहेरून त्यांना विचारून उपयोग नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे ऑपरेटरला कायमची आज्ञा देण्याचा : अमुक क्रमांकाच्या खिडकीवर कोणी आले की त्याला थेट माजघरातल्या संगणकापाशी सोड. आम्ही हाच उपाय केला. घराचा बाहेरचा पत्ताही कंपनी अधूनमधून बदलते, म्हणून बदलत्या पत्त्याला स्थिर नाव देणारी डायनॅमिक डीएनएस नावाची सेवा घेतली. रात्री नऊ वाजता भिलाईत बसून वाईच्या अंगणातला दिवा लावला, आणि आईचा फोन आला, "अरे, दिवा आपोआप लागला!" त्या क्षणी आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आमच्याही. ते लपविण्यात अर्थ नाही.

हा आनंद आठवडाभर टिकला. एके दिवशी संगणकाची नोंदवही सहज चाळली, तो त्यात परक्या पत्त्यांवरून आत शिरण्याचे प्रयत्न दिसले. कोणी 'अॅडमिन' म्हणून हाक मारलेली, कोणी 'रूट' म्हणून. आमचे वैर कोणाशी? पण वैराचा येथे संबंधच नाही. इंटरनेटवर दारे चाचपडीत हिंडणारे कार्यक्रम अहोरात्र चालू असतात. त्यांना घर कोणाचे याची पर्वा नसते, कडी लावली आहे की नाही एवढेच ते पाहतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या अशाच एका कार्यक्रमाने जगभरातील कॅमेरे आणि राउटर काबीज केले. त्याचे हत्यार काय होते? कारखान्यातून उपकरण निघताना त्यावर जे नाव आणि पासवर्ड घालतात, त्यांच्या सुमारे साठ जोड्यांची यादी! ज्यांनी ते बदलण्याचा आळस केला, त्यांची उपकरणे परक्याची चाकरी करू लागली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या झुंडीने 'डाइन' या कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या बड्या सेवा अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. पुढे २०१७ साली मिराई रचणाऱ्या तीन तरुणांनी न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली.

आमच्या वडिलांच्या काळी घराला पायऱ्या होत्या. वाटसरू अंगणात येई, ओळखीचा पडवीत टेके, स्नेही ओटीवर बसे, माजघरात नातलग, आणि देवघरापर्यंत फक्त घरचे. वाड्याच्या मोठ्या दाराला दिंडी असे. वाकून, आपले नाव सांगूनच आत यावे लागे. आणि आम्ही काय केले होते? रस्त्यावरून सरळ माजघरात उघडणारी खिडकी पाडली होती. त्याच रात्री ती बंद केली.

दुसरा उपाय उपकरण विकणाऱ्या कंपनीच्या हवाली होण्याचा. घरातील यंत्र कंपनीच्या सर्व्हरशी बोलते, आपला फोनही त्याच सर्व्हरशी बोलतो, आणि कंपनी मध्यस्थी करते. सोय मोठी आहे, आणि कित्येकांस ती पुरेशीही आहे. परंतु मध्यस्थ उठून गेला तर? २०१६ साली अमेरिकेत 'रिव्हॉल्व' या गृहयंत्रणेची सेवा मालकांनी बंद केली. ती कंपनी दोनच वर्षांपूर्वी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. लोकांनी पैसे मोजून घेतलेली यंत्रे घरात होती तशीच राहिली. फक्त ती चालेनात. दिव्याचे बटण आपल्या घरात आणि त्याचा प्राण परगावी, अशी ही राक्षसाच्या गोष्टीतील पोपटासारखी अवस्था होते.

तिसरा उपाय आम्ही आज वापरतो. यात बाहेरच्याने घराला हाक मारावयाचीच नाही. घरानेच बाहेर हाक मारावयाची. आम्ही नाममात्र मासिक भाड्याने एक लहान सर्व्हर घेतला आहे. त्याला स्वतःचा स्थिर पत्ता आहे. वाईचा संगणक त्याच्याशी आपण होऊन संधान बांधतो आणि दर पंचवीस सेकंदांनी एक बारीक हुंकार देऊन ते जिवंत ठेवतो. आमचा फोनही तेथेच जातो, आणि दोघांची गाठ पडते. या बंदिस्त बोगद्यास व्हीपीएन म्हणतात. त्यासाठी 'वायरगार्ड' नावाची प्रणाली आहे. २०२० सालापासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली आहे. तिच्यात पासवर्ड नसतो, तर किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली ज्याची त्याच्यापाशी गुप्त राहते आणि दुसरी समोरच्यास ओळख पटविण्यापुरती दिली जाते. ज्याच्यापाशी योग्य किल्ली नाही, त्याच्या हाकेला ही प्रणाली 'नाही' असेदेखील म्हणत नाही. ती गप्प राहते. चाचपडीत हिंडणाऱ्याला येथे दार आहे हेच कळत नाही.

या उपायाकडे वळण्यास आणखी एक कारण घडले. मध्यंतरी वाईस आम्ही तारेची जोडणी सोडून फायबर घेतले. तेव्हा राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ या अंकांनी सुरू होताना दिसला. हे अंक ज्यास दिसतील त्याने समजावे की, आपण एक्स्चेंजच्या आत आणखी एका एक्स्चेंजमध्ये आहोत. जुन्या पद्धतीचे इंटरनेट-पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीत संपला, आणि एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्यासाठी २०१२ साली हे अंक राखून ठेवण्यात आले. अशा ठिकाणी आपण आपल्या राउटरवर कितीही खिडक्या पाडा, बाहेरचा मनुष्य तेथवर पोहोचतच नाही. घराने बाहेर हाक मारणे एवढाच सरळ मार्ग राहतो. नव्या पद्धतीच्या पत्त्यांनी ही टंचाई सरते हे खरे, पण म्हणून दार सताड उघडे टाकावे असे मात्र नाही. ज्यांना सर्व्हरची खटपट नको, त्यांच्यासाठी 'टेलस्केल'सारख्या तयार सेवा आहेत, आणि होम असिस्टंटच्या निर्मात्यांचीही वर्गणी घेऊन चालविलेली सेवा आहे.

येथवर आम्ही तंत्राविषयी बोललो. आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना आजही आमचा हात थरथरतो.

गेल्या वर्षी एका सकाळी फोनवर टाकी रिकामी दिसली. आम्ही चहा घेता घेता मोटार सुरू करण्याचे बटण दाबले. पाणी चढेना. पाच मिनिटांत आईचा फोन आला. तिचा आवाज आम्ही असा कधी ऐकला नव्हता. "तू मोटार लावलीस? आधी बंद कर!"

झाले होते असे की, मोटार पाणी उचलत नव्हती, म्हणून आईने वायरमनला बोलाविले होते. त्याने स्टार्टरचे बटण बंद केले, झाकण उघडले आणि तारा सैल करावयास घेतल्या. मुख्य स्विच त्याने उतरविला नव्हता. बटण बंद आहे, आता मोटार कोण लावणार, असे त्यास वाटले, आणि त्यात त्याची फारशी चूकही नव्हती. आमच्या रिलेविषयी त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेवढ्यात आईने हाक मारली, "अरे, चहा निवतोय, आधी घे." तो उठून पडवीत आला. कपबशी हातात घेतली, आणि मागे खाडकन खटका बसून मोटार गुरगुरली.

बंधुभगिनींनो, एका कप चहाने त्या माणसाचा जीव वाचला. त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत, हे आम्हांला मागाहून समजले.

आम्हांला लाज वाटली ती याची की, कारखान्यात छत्तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांना हेच शिकविले होते. यंत्रावर मनुष्य काम करणार असेल, तर प्रथम वीज तोडावी, त्यावर कुलूप घालावे, किल्ली त्या मनुष्याच्या खिशात असावी, आणि परमिटवर सही झाल्याखेरीज कोणी हात लावू नये. प्रत्येक मोटारीपाशी 'लोकल' आणि 'रिमोट' असा निवडीचा स्विच असे, आणि तो लोकलवर असताना कंट्रोल रूममधील साहेबाचा हुकूमही चालत नसे. आई घसरू नये म्हणून आम्ही हे सारे केले. आणि घरच्या प्रेमाच्या भरात कारखान्याची शिस्त विसरलो.

दुसऱ्याच गाडीने वाईस गेलो. त्या वायरमनची क्षमा मागितली. त्याच्याच हातून स्टार्टरजवळ एक दुहेरी स्विच बसवून घेतला, आणि त्यावर रंगाने मराठीत लिहिले : एका बाजूस 'घरचे', दुसऱ्या बाजूस 'दूरचे'. स्विच 'घरचे' वर असला की रिलेची तारच तुटते. फोनवर कितीही बोटे आपटली तरी काही होत नाही. दुरुस्तीच्या वेळी मुख्य स्विच उतरविलाच पाहिजे, हा नियम पेटीवर लिहून ठेवला. दूरून मोटार बंद करण्यास कोणाची परवानगी लागत नाही, पण सुरू करण्यापूर्वी आईस फोन करावयाचा आणि तिने 'लाव' म्हणावयाचे. टाकी भरली की मोटार बंद व्हावी, आणि कोणत्याही परिस्थितीत चाळीस मिनिटांपलीकडे चालू राहू नये, हे काम माजघरातील संगणकच करतो. त्यासाठी भिलाईशी संधान असण्याची गरज नाही. इंटरनेट तुटले तरी घर शहाण्यासारखे वागले पाहिजे.

आणखी एक कबुली. आम्ही ओटीवर कॅमेराही बसविला होता. आईने दोन दिवस तो सोसला, तिसऱ्या दिवशी त्यावर पंचा टाकला. विचारले, तेव्हा म्हणाली, "मी काय तुरुंगात आहे? बघावंसं वाटलं तर ये की." आम्ही कॅमेरा काढला. मग तिच्याच संमतीने वेगळी योजना ठरली. ती पहाटे देवघरातला दिवा लावते. त्या बटणापाशी एक सेन्सर आहे. दिवा लागला की आमच्या फोनवर एक पिवळा ठिपका उमटतो. आठ वाजेपर्यंत ठिपका नाही दिसला, तर आम्ही फोन करावयाचा. तिने उचलला नाही, तर शेजारच्या वहिनींना करावयाचा. ती म्हणाली, "दिवा लावला एवढं तुला कळलं तर चालेल. बाकीचं मी सांगेन ते."

या अनुभवातून जे हाती लागले, ते थोडक्यात सांगतो. उपकरण घरी आणताच त्याचा मूळ पासवर्ड बदलावा आणि दुहेरी ओळखीची सोय असेल तर ती लावावी. राउटरवर उगाच पाडलेल्या खिडक्या बुजवाव्यात. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. फोन हरवला तर त्याची किल्ली रद्द कशी करावयाची, हे आधीच शिकून ठेवावे. संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत, कारण वीज गेली की एकाला जागे ठेवून दुसऱ्याला झोपविण्यात अर्थ नाही. सर्व पासवर्ड आणि जोडणीचा आराखडा एका वहीत लिहून ती घरच्या कपाटात ठेवावी. आपण राहिलो नाही, तर मागच्यांना ते घर उघडता आले पाहिजे. आणि जो घरात राहतो, त्याच्या हाताखाली दूरच्या माणसाचा हुकूम असावा, उलट नव्हे.

मंडळास एक विनंती करावयाची आहे. आपल्यांतील तरुण मुले या विद्येत आमच्याहून कितीतरी पुढे आहेत. महिन्यातील एका रविवारी ती मंडळाच्या सभागृहात बसली, आणि ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या गावच्या घराच्या अडचणी त्यांच्यापुढे मांडल्या, तर या सुवर्णमहोत्सवाचे एक काम मागे उरेल. मात्र मुलांनी प्रथम विचारावे की, त्या घरात कोण राहते आणि त्यांना काय हवे आहे. तारा आणि रिले त्यानंतर.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ स्थापिले, ते गाव सुटले तरी गावाशी संधान सुटू नये म्हणून. ते पत्रांवर जगले, ट्रंक कॉलवर जगले. आपल्या हाती आज वेगवान साधन आहे, एवढाच भेद. आज सकाळी पावणेसहा वाजता आमच्या फोनवर तो पिवळा ठिपका उमटला. तरीही पुढच्या महिन्याचे तिकीट काढून ठेवले आहे. आपणही काढावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.